गोधडीचे ब्लॉक करायला घेतेस तर आधी हे वाच

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. गोधडी करायची खूप इच्छा आहे पण घर, ऑफिस, लोकल, कुंड्या यातून सलग दोन तास कधी मिळतच नाहीत असं लिहिलंयस. सलग दोन तासांची वाटच बघू नकोस गं. मुंबईत ते मिळायचे नाहीत आणि छोट्या ब्लॉकला ते लागतही नाहीत. ब्लॉक म्हणजे तुकडे जोडून केलेला एक चौकोन, असे अनेक जोडून गोधडी होते. त्याचं काम म्हणजे कापणं, जोडणं, इस्त्री, परत जोडणं, अशी पाच-दहा मिनिटांची सुटी सुटी कामं, आणि प्रत्येक काम कुठेही थांबवता येतं. फक्त एक सवय लावून घे, उठताना पुढचं काम मांडून उठायचं. पुढचे दोन तुकडे सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून, पिन लावून, मशीनच्या फूटखाली, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, सरकवूनच उठायचं. मग सकाळी कुकर लावलास आणि शिट्ट्या व्हायच्यात, तेवढ्यात येऊन बसलीस की लगेच शिवण सुरू. नाहीतर काय होतं, काल कुठपर्यंत आलेलो, कुठला तुकडा कुठे, हे शोधण्यातच वेळ जातो, तोवर कुकर होतो आणि उठावं लागतं, आणि असं चार दिवस झालं की पिशवी कपाटावर जाते ती जातेच.

सुरुवात नाइन पॅचने कर. अडीच इंचाचे नऊ चौकोन, पाच गडद चार फिके, तीन-तीनच्या तीन ओळी. जोडून झाला की ब्लॉक साडेसहा इंचाचा भरतो आणि गोधडीत बसला की कडा शिवणीत जाऊन सहाचा. असे ६ बाय ८, म्हणजे ४८ ब्लॉक झाले की ३६ बाय ४८ इंचाची बाळाची गोधडी होते. ४८ ऐकून घाबरू नकोस, एकाच वेळी एकच करायचाय.

आता पाव इंच. याबद्दल मी कडक आहे आणि तूही राहा. ब्लॉकची शिवण कडेपासून पाव इंचावरच आली पाहिजे. तू म्हणशील अर्धा सूत इकडे तिकडे झालं तर काय बिघडतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्धा सूत म्हणजे सोळावा. पण शिवणीत दोन्हीकडचे तुकडे दबतात, म्हणजे एका शिवणीत एक अख्खा सूत गेला, एका ओळीत दोन शिवणी, म्हणजे ब्लॉक पाव इंचाने कमी. असे आठ ब्लॉक एका रांगेत लावलेस की दोन इंच कमी, आणि शेजारची रांग बरोबर शिवलेली असेल तर दोन्ही जुळणारच नाहीत, ओढून जोडलंस तर चुण्या. म्हणून मशीनच्या प्लेटवर सुईपासून पाव इंच मोजून कागदी टेप चिकटव, जरा जाड थर कर म्हणजे कापडाची कड त्याला टेकून सरळ सरकते. तीन चौकोन जोडून मोजून बघ, मधला बरोबर दोन इंच दिसला पाहिजे. नाही दिसला तर टेप सरकव. हे एकदा जमवलंस की पुढे महिनोन्महिने बघावं लागत नाही.

इस्त्री करताना शर्टासारखी फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. फिरवली की चौकोन तिरका होतो आणि मग शिवण कितीही सरळ असो, उपयोग नाही. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या शिवणी बाहेरच्या बाजूला पाड, मधल्या ओळीच्या आत. असं केलं की ओळी एकमेकींवर ठेवल्यावर शिवणींचे उंचवटे एकमेकांत अडकून बसतात, बोटाने चाचपून कळतं बघ, अगदी खट्कन बसल्यासारखं वाटतं, आणि चारी कोपरे एका ठिपक्यावर येतात. मला या कामातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

कापडाचं म्हणशील तर महागाचे इम्पोर्टेड कटपीस लागत नाहीत. जवळच्या मॅचिंग सेंटरला जा, ब्लाउजचं टू बाय टू रुबिया मिळतं तिथे, पातळ, घट्ट विणीचं, आणि रंग तर विचारूच नकोस. फक्त कॉटनच आहे ना ते बघून घे कारण टेरी, म्हणजे पॉलिस्टर, मिसळलेलं पण असतं. एक धागा काढून घरी जाळून बघ, कॉटन असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. ब्लाउज शिवणाऱ्या टेलरकडे कातरण मागितलंस तर बहुतेक जण देतात. छापील हवं असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळ मंगळदास मार्केट आहेच, पण तिथे जाताना यादी घेऊन जा, नाहीतर सगळंच घ्यावंसं वाटतं. आईची जुनी कॉटनची साडी वापरणार असशील तर आधी उजेडासमोर धर, वीण विरळ झालेला भाग सोडून दे. नव्या कडक कापडाशेजारी विरलेलं कापड शिवलं की धुण्यात तेच पहिलं फाटतं. आणि सगळं कापड आधी धू, लाल, इंडिगो, काळं वेगवेगळं, मग ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघ, रंग लागला तर परत धू. फिक्या चौकोनांवर लाल उतरला की काही करता येत नाही.

रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचा कटर, आणि त्याच्याखाली ठेवायची मॅट आत्ताच घेऊ का विचारलंस. घाई नाही. तो कटर १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने काढला, त्याआधी सगळं जग पुठ्ठ्याचा नमुना ठेवून कात्रीनेच कापत होतं. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा अडीच इंचाचा चौकोन कर, पेन्सिलीने आख, कात्रीने काप. पुढे मॅट घेतलीस तर ती खिडकीशी उन्हात ठेवू नकोस, वाकडी होते आणि परत सरळ होत नाही. कटरचं झाकण प्रत्येक वेळी बंद, लहान मूल घरात असो नसो.

रंग निवडायचे दिवसा, बाल्कनीच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली गडद निळा आणि काळा एकच वाटतात. तरीही गडद-फिकं कळत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट कर, लगेच दिसतं कोण कुठे मिसळतंय.

कुंड्या आणि कापड यांची वेळ मात्र वेगळी ठेव. तुझ्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आलाय म्हणालीस ना, त्याला नीम ऑइलचा स्प्रे करून तशीच मशीनवर बसलीस तर तेलाचे डाग थेट फिक्या कापडावर. शिवण सकाळी, झाडं संध्याकाळी, असं ठरवून टाक. आणि झालेले ब्लॉक ग्रिलवर वाळत घालू नकोस, कबुतरं आहेत.

पावसाळ्यात सगळ्यात मोठी काळजी पिनांची. ब्लॉकला पिना तशाच ठेवून डबा बंद केला आणि जुलैत पंधरा दिवस उघडलाच नाही तर प्रत्येक पिनेपाशी गंजाचा तपकिरी ठिपका पडतो आणि तो निघता निघत नाही. ठेवताना पिना काढायच्या, फूटखाली असलेल्या दोन तुकड्यांना चालतील पण तेही रोज हात लागणार असेल तरच. स्टीमची इस्त्री केल्यावर ब्लॉक पंख्याखाली पूर्ण गार आणि कोरडे होऊ दे, मग डब्यात. बुटांच्या बॉक्समधली सिलिका जेलची पुडी टाक त्यात.

तू त्रिकोणांचे नमुने पाठवलेस, सुंदर आहेत, पण नाइन पॅच दहा-बारा झाल्याशिवाय नको. त्रिकोणाची तिरपी कड ओढली की लांबते. करशील तेव्हा तीन इंचाचे दोन चौकोन एकमेकांवर ठेव, तिरपी रेघ मार, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिव आणि मग रेघेवर काप, दोन तुकडे मिळतात, ते अडीच इंचाला छाटून घे. आधी शिवणं मग कापणं, म्हणजे तिरपी कड मोकळी राहतच नाही.

आणि आपल्याकडची वाकळ विसरू नकोस. मोजमाप नाही, ब्लॉक नाही, जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर धावदोरा. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची गोधडी बाहेरच्या कडेपासून सुरू करून मध्याकडे गोल गोल शिवत जातात. तिकडे अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांनी झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लावल्या होत्या. यातल्या कुणाकडे सलग दोन तास होते असं मला नाही वाटत, शेत, चूल, पोरं सांभाळूनच केलं सगळ्यांनी.

पहिले चार ब्लॉक झाले की फोटो पाठव, पण आधी उलट्या बाजूचा. शिवणी कुठल्या बाजूला पडल्यात आणि पाव इंच कुठे सुटलाय ते तिथेच दिसतं, सुलट बाजू आपण नंतर बघू.

तुझी,
मावशी