मोतिया की फिकट राखाडी? आधी भिंतीवर लावून बघा

ताई, खोलीला मोतिया द्यावा की फिकट राखाडी, हे शेड कार्डाच्या बोटभर चौकटीवरून ठरवू नका. दोन्ही रंगांचे छोटे सॅम्पल डबे आणा आणि प्रायमर मारलेल्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे दोन हात देऊन रंगवा. पट्ट्यांमध्ये अंतर ठेवा, शेजारचा रंग डोळ्याला फसवतो. पूर्ण वाळल्याशिवाय मत बनवू नका.

मग सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवा लावून बघा. तुमची खोली पश्चिमेची आहे ना? परभणीच्या उन्हाळ्यात मावळतीचं ऊन तांबूस येतं. त्यात मोतिया चांगलाच पिवळा दिसतो, राखाडी मात्र मऊ होते. उत्तरेच्या खोलीत तीच राखाडी निळसर, उदास वाटते. रात्री ६५०० केल्व्हिनच्या (दिव्याच्या उजेडाची छटा सांगणारं माप) पांढऱ्या ट्यूबखाली एक रंग, ३००० च्या पिवळ्या दिव्याखाली दुसराच.

दुकानदाराला एलआरव्हीचा (लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा) आकडाही विचारा: ० ते १००, जितका जास्त तितका उजेड भिंत परत फेकते. आपण उन्हासाठी दुपारभर खिडक्या लावून बसतो, म्हणून मी तरी ७० च्या पुढचाच घेईन. शहाबादी फरशी असेल तर पट्टा तिच्या लगत खाली घ्या, म्हणजे तिच्या शेजारी रंग कसा दिसतो ते कळेल. माझं मत राखाडीला, पण धुता येणाऱ्या फिनिशमध्येच. आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीतच आहे.