मुलगा पहिलीत आहे, शाळेतून रोज तक्रार येते. काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा सहा वर्षांचा आहे आणि डायरीत रोज शेरा येतो: जागेवर बसत नाही, रांगेत ढकलतो, मारतो. सासूबाई म्हणतात लाडानं बिघडला, शाळा म्हणते डॉक्टरांना दाखवा. माझं स्पष्ट मत आहे की ‘मस्तीखोर’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. त्यानं काहीच कळत नाही. मूल सहा तास सारखं वागत नसतं. बिघडतं ते ठरावीक दहा-पंधरा मिनिटांत, आणि ती मिनिटं शोधणं हे पहिलं काम.

एक वही करा आणि दोन आठवडे तीनच गोष्टी लिहा: आधी काय घडलं, त्यानं काय केलं, लगेच पुढे काय झालं. उदाहरणार्थ: मधली सुट्टी संपली, रांग लागली, मागच्याचा धक्का लागला, यानं ढकललं, मॅडमनी रांगेतून काढून स्वतःजवळ उभं केलं. आता शेवटचा भाग परत वाचा. गर्दीतून सुटका झाली आणि मॅडमचा हातही मिळाला. शिक्षा म्हणून जे केलं ते त्याला हवंच होतं, म्हणून उद्याही तो ढकलणार. उपाय असा की घंटा होताच, ढकलायच्या आधीच, त्याला रांगेत सर्वात पुढे उभं करायचं आणि हातात हजेरीपट किंवा खडूचा डबा द्यायचा.

हे मॅडमना सांगायला फाटकावर, व्हॅनच्या गर्दीत गाठू नका. पंधरा मिनिटं मागून घ्या. ‘तक्रार घेऊन आले नाही, दोघी मिळून एक गोष्ट करून बघू’ असं म्हणा आणि मोजकंच मागा: दार-खिडकीपासून लांब, पुढच्या बाकावर जागा, तासाच्या मध्ये उठायचं एखादं काम, जसं वह्या वाटणं, आणि मधली सुट्टी कापू नये. ज्याला हालचालीची गरज जास्त, त्याचीच सुट्टी कापली की पुढचे दोन तास सगळ्यांनाच जड जातात.

मग एक कार्ड. त्यावर दोनच गोष्टी, आणि दोन्ही ‘काय करायचं’ अशा शब्दांत: ‘हात स्वतःजवळ ठेवले’, ‘बोलायच्या आधी हात वर केला’. ‘नीट वागला’ असं लिहू नका, सहा वर्षांच्या पोराला त्यातून काही उमगत नाही. दिवसाचे तीन भाग करा: सुट्टीआधी, सुट्टी, सुट्टीनंतर. एकूण सहा चौकोन, जमलं त्या चौकोनात एक चांदणी. सुरुवातीला चार चांदण्या आल्या की दिवस जिंकला. बक्षीस त्याच संध्याकाळी आणि बिनपैशाचं: वीस मिनिटं जास्त सायकल, किंवा रात्रीची गोष्ट त्याच्या पसंतीची. फसतं कुठे? बक्षीस रविवारवर ढकललं जातं. मिळालेली चांदणी रागात काढून घेतली जाते. पहिल्याच आठवड्यात सहापैकी सहा मागितल्या जातात. आणि शाळेत जे झालं त्याची घरी दुसऱ्यांदा शिक्षा होते. हे शेवटचं तर अजिबात करू नका, आजोबांनाही सांगून ठेवा.

शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास ‘आज काय केलंस?’ हा प्रश्न नको. पाणी, खाणं, मोकळं सोडणं. दिवसातून दहा मिनिटं फक्त त्याच्याबरोबर खेळा. खेळ त्याचा, शिकवणं नाही, मोबाईल दुसऱ्या खोलीत. सूचना स्वयंपाकघरातून ओरडून देऊ नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एकच गोष्ट सांगा आणि पाच सेकंद थांबा.

झोपेचा हिशेब मात्र नक्की करा. या वयाला ९ ते १२ तास लागतात. सकाळच्या शाळेसाठी पावणेसहाला उठवत असाल, तर पावणेनऊला झोपलेला हवा. आपल्या नागपूरच्या उन्हात पोरं सहानंतरच बाहेर पडतात, मग जेवण साडेनऊला आणि झोप अकराला. त्यात नुसतं दूध-बिस्कीट खाऊन व्हॅनमध्ये बसला, तर दुसऱ्या तासाला चिडणारच. सकाळी थोडे शेंगदाणे घातलेले पोहे किंवा अंडं पोटात जाऊ द्या.

डॉक्टरांबद्दल. शाळेच्या म्हणण्याला घाबरू नका, पण टाळूही नका. आधी कान आणि डोळे तपासा. सर्दीनं कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की मूल ‘ऐकतच नाही’ असं वाटतं. रात्री घोरत असेल तर तेही सांगा. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, म्हणायला लक्षणं किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा दोन्हीकडे दिसावी लागतात. त्यासाठी पालक आणि शिक्षक दोघांकडून प्रश्नावली भरून घेतात. मेंदूच्या एमआरआयनं त्याचं निदान होत नाही. नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानच्या एम्समध्ये बालरोग आणि मानसोपचार दोन्ही विभाग आहेत. जाताना ती वही न्या. तुमच्यावर फार ताण आला तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर मोफत बोलता येतं.

आणि कुणी मारलं किंवा ‘काढून टाकू’ म्हटलं तर हे माहीत असू द्या: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास बंदी आहे, आणि कलम १६ नुसार आठवीपर्यंतचं प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. पहिल्याच भेटीत कायदा काढू नका, मॅडमची साथ तुम्हाला जास्त लागणार आहे.

कार्ड तीन आठवडे नीट चाललं की चारऐवजी पाच चांदण्या मागा. दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी थोडी मागे जाईल. पहिला आठवडा परत चारवर आणा.