घरी बनवलेले अ‍ॅम्प्लिफायर विकून छोटा व्यवसाय होऊ शकतो का?

होतो, पण वॅटचे आकडे फुगवून विकायच्या भानगडीत पडू नका. कारखान्यांशी किमतीत बरोबरी होणार नाही. तुमची जमेची बाजू म्हणजे स्वच्छ आवाज आणि दुरुस्तीची हमी.

सुरुवात एलएम३८८६ या आयसीवर करा, म्हणजे अख्खा अ‍ॅम्प्लिफायर एकाच चिपमध्ये. ±२८ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ३८ वॅट खरे मिळतात, खोलीला भरपूर झाले. खर्च आयसीवर नाही, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक (आयसीची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) आणि कॅबिनेटवर होतो. भाव ठरवताना नवे लोक इथेच फसतात; स्वतःची मजुरी तर धरतच नाहीत.

नवा सेट पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, सिरीजमध्ये साधा फिलामेंटचा बल्ब लावा, म्हणजे सेटला जाणारी वीज बल्बमधूनच जाईल. क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मग स्पीकर जोडण्याआधी आउटपुटला मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. शेवटी स्पीकर जोडा, इनपुटची सिग्नलची वायर ग्राउंडला जोडून (शॉर्ट करून) कान स्पीकरला लावा. घूं असा आवाज आला तर बहुतेक वेळा ग्राउंडिंग चुकलेलं असतं. सगळ्या ग्राउंडच्या वायरी एकाच बिंदूवर आणा.

धातूच्या कॅबिनेटला अर्थिंग आणि आत फ्यूज नसेल तर तो सेट कुणाच्याही घरी देऊ नका, अगदी मित्रालाही नाही.