चमकली म्हणजे कॅन्सरचीच, असं नाही

ताई, तुम्ही विचारलंय, "आईला स्तनाचा कॅन्सर आहे, तिच्या काखेतल्या गाठी रंग टाकून शोधणार आहेत. जी चमकेल ती कॅन्सरची समजायची का?" तर नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये बरीच वर्षं काम केलंय, आणि हा गैरसमज जवळजवळ प्रत्येक घरात दिसतो.

इथे गाठी म्हणजे लिम्फ नोड, काखेत सगळ्यांनाच असणाऱ्या छोट्या ग्रंथी. स्तनातला लसीका द्रव (लिम्फ) काखेतल्या ज्या गाठींत सगळ्यात आधी पोचतो, त्या सेंटिनल नोड. कॅन्सर पसरलाच तर बहुधा आधी तिथेच सापडतो. म्हणून त्या एक-दोन-तीन गाठी काढून तपासायच्या. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीची काख साफ करावी लागत नाही आणि पुढे हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो. रंग फक्त वाट दाखवतो. गाठीत काय आहे ते पॅथॉलॉजिस्टच सांगणार.

तुमच्याकडे सांगितलेला रंग म्हणजे इंडोसायनिन ग्रीन, आयसीजी. १९५९ पासून वापरात आहे, पण आधी यकृत आणि हृदयाच्या तपासण्यांसाठी. भूल दिल्यावर स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाजवळ थोडासा टोचतात, हलकं चोळतात. मग वरचे मोठे दिवे बंद! हा रंग अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांत चमकतो आणि ती चमक खास कॅमेराच टिपतो; त्या दिव्यांतही अवरक्त किरण असतात, कॅमेरा गोंधळतो. अंधारात स्क्रीनवर त्वचेखालून एक उजळ रेघ काखेकडे सरकताना दिसते. कितीही वेळा पाहिलं तरी मान आपोआप तिकडे वळते. गंमत म्हणजे स्क्रीनवरचा हिरवा रंग यंत्राने भरलेला असतो, मूळ प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही.

खोडीही आहेत. हा प्रकाश साधारण सेंटीमीटरभर खोलीपर्यंतच दिसतो, त्यामुळे अंगाने जाड पेशंटमध्ये काख उघडेपर्यंत काही कळत नाही. लसीकेची नळी चुकून कापली गेली तर रंग सांडतो आणि सगळंच चमकायला लागतं. मग शोधा गाठ! म्हणून काही सर्जन जोडीला निळा रंग किंवा किरणोत्सारी टेक्नेशियम वापरतात. निळ्याने त्वचेवर डाग कित्येक महिने राहू शकतो, लघवी हिरवट-निळी होते, आणि बोटावरचं ऑक्सिजनचं यंत्र उगाच कमी आकडा दाखवतं. आयसीजीत डागाचा त्रास सहसा नसतो, तो यकृतातून पित्तावाटे बाहेर पडतो.

एक मात्र नक्की करा. आयसीजीच्या पावडरीत थोडं आयोडाइड असतं. आईला आयोडीनची किंवा आधी कधी सीटी स्कॅनच्या इंजेक्शनची ॲलर्जी आली असेल, तर ते सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही आधीच सांगा.