जुन्या टाटा ४०७ ट्रकच्या केबिनचा फ्लोअर आणि पिलर गंजलाय, वरून पत्रा मारला तर चालेल का?

दादा, नका मारू. तुम्ही लिहिलंय की वडिलांची गाडी आहे, ड्रायव्हर साइडचा फ्लोअर आणि पुढच्या पिलरचा (काच आणि दरवाजा यांच्यामधला उभा खांब) तळ गळालाय आणि डेंटर म्हणतोय दोन दिवसात वरून पत्रा मारून देतो. मी इथे नाशिकच्या अंबडला केबिनचीच कामं करतो म्हणून सांगतो, गंजावर पत्रा मारला की दोन पत्र्यांच्या मधे पाणी अडकतं, आत गंज चालूच राहतो आणि वरून रंग एकदम चकाचक दिसतो, म्हणजे कळायलाही मार्ग नाही. नुसता फ्लोअर असता तर एक वेळ ठीक, पण पिलरवर दरवाजाच्या बिजागऱ्या असतात आणि धडक बसली की माणसाला तोच वाचवतो.

आधी मॅट, सीट सगळं बाहेर काढा आणि टेस्टरच्या टोकाने दाबून बघत जा. जिथे टोक आत जातं तिथून पुढे चांगला पत्रा लागेपर्यंत खडूने खूण करा, डोळ्याला दिसतो त्यापेक्षा गंज नेहमी बराच लांब गेलेला असतो. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात तीही बघा. लासलगाव-पिंपळगावला कांदा भरणाऱ्या गाड्यांमधे ती भोकं फोलपटं आणि मातीने गच्च बुजलेली असतात, पावसाळाभर दरवाजात पाणी साचून राहतं. आणि पुढच्या काचेचा रबर कडक झाला असेल तर पाणी तिथून उतरून पिलरमधून थेट फ्लोअरवर येतं, तो रबर बदलला नाही तर खालचं सगळं काम वाया.

कापायच्या आधी दरवाजाच्या चौकटीत आतून आडवा-तिरका अँगल टाके मारून घ्यायला सांगा. हे न करता पिलर कापला तर केबिन खाली खचते आणि नंतर दरवाजा काही केल्या लागत नाही. दोन्ही बाजू एकदम कापू देऊ नका, एक पूर्ण झाली, दरवाजा लावून गॅप बघितला, मगच दुसरी.

पिलर आतून एका पत्र्याचा नसतो, आत जाड पट्टी असते मजबुतीसाठी. बरेच जण बाहेरचा पत्रा नवा लावतात आणि आतली कुजलेली पट्टी तशीच ठेवतात, माझा सगळ्यात जास्त राग याच्यावर आहे. आधी आतली, मग बाहेरची. पत्रा सीआरसी (कोल्ड रोल्ड) घ्या, जुन्याच्या जाडीचाच, फ्लोअरला साधारण १८ गेज म्हणजे १.२ एमएम. जीआय (जस्त चढवलेला) नको, वेल्डिंगला जस्ताचा धूर होतो आणि कारागिराला ताप भरतो.

वेल्डिंग सीओटू (गॅसवालं) वर, ०.८ एमएमची वायर, काडीच्या वेल्डिंगने पातळ पत्रा जळतो. सलग ओढायचं नाही, थोडं इथे थोडं तिथे असे टाके मारत जायचं, नाहीतर पत्रा लाटा मारतो. बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरची वायर काढून ठेवा, डिझेलचा पाइप जवळ असेल तर तोही बाजूला, आणि पाण्याची बादली हाताशी.

नंतर एपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, मगच लागेल तेवढी लांबी (पुट्टी). उघड्या लोखंडावर थेट लांबी भरली तर ती ओल शोषते आणि खालून परत फुगते. पिलरच्या आत वेल्डिंगने जळालेल्या जागी ब्रश पोचत नाही, तिथे भोकातून नळी घालून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारून घ्या, पण पाणी जायची भोकं मोकळी राहिली पाहिजेत.

केबिन बदलायचं म्हणाल तर खाली चेसीवर जिथे केबिन बसते ते माउंटिंग बघा. दोन्ही बाजूची माउंटिंग आणि काचेखालचा पत्रा असं सगळंच गेलं असेल तर जुन्या बाजारातली चांगली केबिन बघा, मजुरीत तेवढेच पैसे जातात. एकच बाजू गेली असेल तर हीच केबिन दुरुस्त करा. टोचून झाल्यावर माउंटिंगचा फोटो टाका, मी बघून सांगतो.