बेसिनमध्ये रक्त दिसलं, मशीन बंद करू का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५४. मुलीने वाढदिवसाला वॉटर फ्लॉसर दिला, म्हणजे पाण्याच्या धारेने दातांच्या फटी साफ करायचं मशीन. पहिल्याच रात्री पाण्याबरोबर रक्त आलं, पुढचे चार दिवसही येत राहिलं. दुखत काही नव्हतं. बायकोचं म्हणणं, धारेने हिरड्या फाटताहेत. आता मशीन कपाटात आहे. वापरू की राहू दे? आणि वापरलं तर दातांच्या फटींत घालायच्या त्या फ्लॉसच्या दोऱ्याची कटकट सुटेल का? (खरं सांगायचं तर दोरा मी कधी वापरलेलाच नाही.)

उत्तर : कंसातल्या वाक्याबद्दल आधी आभार. ‘रोज फ्लॉस करता ना?’ असं विचारलं की माझ्या खुर्चीतली बहुतेक माणसं छताकडे बघायला लागतात. तुम्ही निदान लिहून तरी मोकळे झालात.

मशीन कपाटातून बाहेर काढा. धारेने हिरडी दुखावली असती तर नेमक्या एका जागी चुरचुरलं असतं, आणि तुम्ही तर दुखत नव्हतं म्हणता. मग रक्त कुठून आलं? बहुधा हिरड्या आधीपासूनच सुजलेल्या असाव्यात. मशीनने फक्त ते दाखवून दिलं. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. हिरडी निरोगी असेल तर ती एक ते तीन मिलिमीटर खोल. त्या खाचेत जंतूंचा मऊ, चिकट थर साचतो. त्याच्याशी झुंजायला शरीर तिथला रक्तपुरवठा वाढवतं, आतलं अस्तर नाजूक होतं आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. मग माणूस घाबरून नेमकी तीच जागा घासायची सोडतो. तिथे थर आणखी वाढतो, पुढच्या वेळी रक्तही जास्त. हे चक्र मी रोज बघते.

डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो या दंतसंशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, १९६५ साली तो प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, त्यांनी दात घासायचंच बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू झाल्यावर आठवडाभरात सूज उतरली. विद्यार्थिदशेत हे शिकताना मला त्या पोरांच्या शेजारी बसणाऱ्यांची दया आली होती. आता पेशंटला धीर द्यायला हाच प्रयोग सांगते. तुमच्या हिरड्यांवरचा भार बराच जुना असणार, म्हणून आठवड्याऐवजी दोन आठवडे धरू. तेवढे दिवस एकही रात्र न चुकवता मशीन वापरा. रक्त दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. नाही झालं, तर दंतवैद्याकडे जायचंच. कारण मऊ थर वेळेवर निघाला नाही की लाळेतले क्षार त्यात बसून त्याचं कीटण होतं. ते ब्रशने निघत नाही आणि पाण्याच्या धारेनेही नाही. त्याला स्केलिंगच लागतं, म्हणजे दंतवैद्याने ते अवजाराने काढावं लागतं. खाचेची खोली चार मिलिमीटर किंवा जास्त झाली असेल आणि खालचं हाड झिजू लागलं असेल, तर ते गेलेलं हाड मशीन परत आणत नाही. ती मोजणी आम्हालाच करावी लागते.

आता वापरायची पद्धत, कारण पत्रात न लिहिलेली चूक मला दिसते आहे : जोर पहिल्या दिवसापासून पूर्ण ठेवला होतात ना? तो सगळ्यात कमीवर आणा आणि आठवडाभर तिथेच राहू द्या. टाकीत कोमट पाणी घाला. नळी आधी तोंडात, बटण नंतर. मी स्वतः पहिल्यांदा आरशात नीट बघत बघत बटण दाबलं होतं. आरसा, चष्मा आणि गाऊन तिन्ही धुऊन निघाले. म्हणून बेसिनवर वाका, ओठ सैल मिटा आणि पाणी तोंडातून आपोआप गळू द्या. मागच्या दाढेपासून सुरुवात करा. धार दाताला काटकोनात, हिरडीच्या कडेवर धरा. खाली हिरडीत खुपसू नका. कडेकडेने सरकत जा, प्रत्येक फटीपाशी क्षणभर थांबा, मग पुढची फट. बाहेरची बाजू झाली की आतली. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू तर अजिबात विसरू नका, कीटण तिथेच सगळ्यात जास्त बसतं. सगळं मिळून मिनिट-दीड मिनिटाचं काम. ब्रश मात्र सुटत नाही.

एका आजोबांनी मला विचारलं होतं, नळाला बारीक नळी लावली तर काय बिघडलं? प्रश्न चांगला होता. नळाची धार सलग असते. हे मशीन मिनिटाला हजाराहून जास्त वेळा पाणी सोडतं आणि थांबवतं. दाब येतो तेव्हा हिरडीची कड किंचित दबते, दाब सुटला की ती पूर्ववत होते आणि आतली घाण पाण्याबरोबर बाहेर पडते. १९६२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत हे यंत्र एका दंतवैद्याने आणि एका जलशास्त्राच्या इंजिनिअरने मिळून बनवलं. एकट्या दंतवैद्याला ते सुचलं असतं असं मला वाटत नाही.

राहिला दोरा. दोरा थर खरवडतो, पाणी तो धुऊन काढतं. दोन दात एकमेकांना घट्ट चिकटतात त्या जागी दोराच सरस. जो रोज दोरा वापरतो त्याला मी मशीन घे म्हणून सांगत नाही. पण न वापरलेला दोरा आणि रोज वापरलेलं मशीन यांत मी डोळे मिटून मशीन निवडते. पूर्वी मी याबाबत फार ताठ होते. संधिवाताने बोटं आखडलेल्या एका आजींना मी तीन भेटींत दोरा कसा गुंडाळायचा ते शिकवत बसले. चौथ्या भेटीत त्या मशीन घेऊन आल्या, आणि दोन महिन्यांनी त्यांच्या हिरड्या माझ्यापेक्षा बऱ्या होत्या. तुमच्या दातांत मोठ्या फटी असतील तर फटींचा छोटा ब्रश त्याहून चांगला; माप दंतवैद्याकडून ठरवून घ्या.

रक्त पातळ करणारी गोळी किंवा मधुमेह असेल तर दोन आठवडे थांबू नका, आधीच दाखवा. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं असेल तर सुरू करण्याआधी विचारा. आणि सिगरेट ओढत असाल तर ती रक्तस्राव झाकते. रक्त येत नाही म्हणजे हिरड्या ठणठणीत, असा अर्थ काढू नका.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे, दातांना तारा लावल्या आहेत. पाण्याच्या जोराने ब्रॅकेट (तार धरून ठेवणारे, दातांवर चिकटवलेले छोटे तुकडे) निघतील का? फटी वाढतील का?

उत्तर : दोन्ही नाही. पक्कं बसलेलं ब्रॅकेट पाण्याने निघत नाही. निघालंच, तर ते आधीच सैल झालेलं होतं. फटी मोठ्या दिसू लागल्या तर सुजलेली हिरडी ओसरून जागेवर आली असं समजा. तारांसाठी टोकाशी बारीक ब्रश असलेली वेगळी नळी मिळते, ती घ्या. आणि मशीन ब्रशच्या आधी वापरायला सांगा. ब्रश झाल्यावर त्या वयात बेसिनपाशी कोणी थांबत नाही.

प्रश्न : टाकीला वास येतो आणि तळाशी बुळबुळीत लागतं. मीठ घातलं तर चालेल का?

उत्तर : मीठ नको, आतला पंप गंजतो. कंपनीने माहितीपत्रकात परवानगी दिली नसेल तर माउथवॉशही नको. ते बुळबुळीत म्हणजे तुमच्या दातांवरचाच भाऊबंद, जंतूंचा थर. दोन चमचे पांढरं व्हिनेगर कोमट पाण्यात घालून मशीन बेसिनमध्ये चालवा, मग साध्या पाण्याने दोनदा. नळीचं टोक तीन ते सहा महिन्यांनी बदला, घरात प्रत्येकाचं वेगळं. आणि काम झालं की उरलेलं पाणी लगेच ओता, टाकी पालथी घाला, झाकण उघडं ठेवा.