‘हा पूर आमच्या पापाचा का?’

मी समुपदेशक आहे. पूर, भूकंप, दरड अशी आपत्ती सोसलेली ख्रिस्ती माणसं माझ्यासमोर बसतात तेव्हा पैसा, घर, झोप याविषयी आधी बोलतात. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून विचारतात, “हे देवाने केलं का? केलं असेल तर हे वाईट देवाचंच म्हणायचं का?” बायबल रोज वाचणाऱ्या माणसाला हा प्रश्न जास्त छळतो. ज्याची श्रद्धा सैल असते तो देवाला बाजूला ठेवून मोकळा होतो. याला तसं करता येत नाही.

सांगलीचे एक गृहस्थ आठवतात. त्यांच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पन्नाशी ओलांडलेले, पिठाची गिरणी चालवणारे, मंडळीत वडीलधारे म्हणून मान असलेले. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं. तिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. गिरणी बुडाली, घर बुडालं. आईला बोटीतून बाहेर काढलं, पण थंडी आणि धावपळ तिला सोसली नाही; पंधरवड्यात ती गेली. सांत्वनाच्या प्रार्थनेला आलेल्या एका पाहुण्यांनी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 45व्या अध्यायातलं सातवं वचन काढून वाचलं: प्रकाश आणि अंधार, शांती आणि अरिष्ट, सगळं घडवणारा परमेश्वरच. पुढे म्हणाले, “काहीतरी असल्याशिवाय देव असं करत नाही.”

त्यानंतर त्यांची प्रार्थना बंद झाली. पावसाचा आवाज आला की रात्री उठून मोबाइलवर ‘आयर्विनला पाणी किती’ बघायचे, तेही जानेवारीत. “मॅडम,” ते म्हणाले, “पूर वाईट म्हणावा तर देवाने वाईट केलं असं होतं. वाईट नाही म्हणावा तर मी आईसाठी रडतो तेच पाप. मी जाऊ कुठे?”

झोपेसाठी त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, ते आधी. महिनोन्‌महिने झोप नसलेल्या माणसाशी देवाच्या न्यायाची चर्चा करणं क्रूरपणाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. पण झोप सुधारली तरी प्रश्न होता तिथेच होता. मग आम्ही बायबलच उघडलं. काही समुपदेशक धर्माचा विषय निघाला की ‘ते तुमच्या पाळकांना विचारा’ म्हणून वळवतात. मला ते पटत नाही. ज्या वचनाने जखम झाली ते वचन त्या माणसाबरोबर बसून वाचायला हवं.

यशयाचा तो अध्याय पारसाच्या कोरेश राजाला उद्देशून आहे. बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना संदेष्टा सांगतो आहे की तुम्हाला सोडवणाऱ्या या परक्या राजालाही आपलाच देव चालवतो. एक उजेडाचा आणि एक काळोखाचा असे दोन देव नाहीत. अमुक घरात पाणी का शिरलं, याचा हिशोब तिथे मांडलेलाच नाही. त्यात जे म्हटलंय ते जड आहे, मी ते हलकं करून सांगितलं नाही. अरिष्ट देवाच्या सत्तेबाहेर नाही. पण अरिष्टाला बायबल अरिष्टच म्हणतं. त्याला ‘चांगलं’ म्हणायची सक्ती कुठेही नाही. आणि दुष्टपणाला करणारा लागतो, त्याचं मन लागतं. कृष्णेला मन नाही. तिचं पाणी घात करतं, ती पाप करत नाही.

‘पण नोहा? सदोम?’ हे त्यांनी विचारलंच. खरं आहे, नोहाच्या काळचा जलप्रलय, सदोम नगराचा नाश अशा काही आपत्तींना शास्त्र न्याय म्हणतं. पण तिथे ते आधी सांगितलेलं आहे, देवाच्या नावाने सांगितलेलं आहे. आणि नोहाच्या गोष्टीचा शेवट असा, की पुन्हा जलप्रलयाने सगळ्या प्राण्यांचा नाश करणार नाही असा करार देव स्वतःवर बांधून घेतो. सांत्वनाला आलेल्या माणसाला चहा पिता पिता असा निवाडा द्यायचा अधिकार कुणी दिला?

ईयोब या नीतिमान माणसाच्या दुःखाची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकात आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो. त्याच्यावरची संकटं माणसांची आणि निसर्गाची आलटून पालटून येतात: शबाई लोकांची धाड, आकाशातून अग्नी, खास्द्यांची धाड, मग रानाकडून आलेला सोसाट्याचा वारा, आणि घर कोसळून दहा लेकरं गेली. अलीफज आणि आणखी दोन मित्र आले, सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले. तेवढं बरोबर केलं. बोलायला लागले आणि ‘तुझं काहीतरी असणार’ यावर आले. शेवटच्या अध्यायात देवाचा राग भडकतो तो ईयोबावर नाही, या मित्रांवर. देवाशी भांडलेल्या ईयोबाला मात्र तो ‘माझा सेवक’ म्हणतो. हे वाचून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे पाहुणे अलीफज झाले.” त्या दिवशी ते पहिल्यांदा आईसाठी माझ्यासमोर रडले.

88वं स्तोत्र मी त्यांना घरी वाचायला दिलं. त्यात शेवटीसुद्धा दिलासा नाही, अंधारच आहे, तरी ते प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे.

लूकच्या 13व्या अध्यायापाशी खरी गोष्ट बाहेर आली. तिथे येशूसमोर रोमी सुभेदार पिलाताने मारलेल्या गालीलकरांचा विषय निघतो, आणि तो स्वतःहून दुसरी घटना जोडतो: शिलोहातला बुरूज पडून मेलेले अठरा जण. एकात माणसाची दुष्टाई, दुसऱ्यात अपघात. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते का? दोन्हींना उत्तर एकच, नाही. पश्चात्ताप करा, हे मात्र तो ऐकणाऱ्या सगळ्यांनाच सांगतो. मेलेल्यांकडे बोट न दाखवता.

“पण बुरूज कलला होता हे कुणाला तरी दिसलं असेल ना,” ते एकदम म्हणाले. मग कळलं. 2005 च्या पुरात पाणी त्यांच्या पायरीशी येऊन थांबलं होतं. यंदाही तेवढंच येईल म्हणून ते थांबले. आई म्हणत होती, निघू या. हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. देवाविषयीच्या प्रश्नाआड हा प्रश्न दबा धरून बसला होता, आणि पाहुण्यांचं ‘काहीतरी असल्याशिवाय’ हे तिथेच जाऊन रुतलं होतं.

इथे मी त्यांना ‘तुमची काही चूक नाही’ म्हटलं नाही. अंदाज चुकला होता. तो सांगलीत अनेकांचा चुकला, कारण जुन्या पुराची खूण हाच लोकांचा मापदंड होता. अंदाज चुकणं आणि आईचा घात करणं या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि यांपैकी कुठल्याही गोष्टीपायी देवाने नदी चढवली नाही. हे सुटं करायला आम्हाला बऱ्याच बैठका लागल्या.

‘मग देवाने थांबवलं का नाही?’ याचं उत्तर माझ्यापाशी नाही, हे मी त्यांना सरळ सांगितलं. ईयोबालाही ते मिळालं नाही. प्रेषितांच्या कृत्यांत अगब संदेष्टा मोठ्या दुष्काळाची सूचना देतो, तेव्हा अंत्युखियाची मंडळी हा कुणाच्या पापाचा दुष्काळ ते विचारत बसत नाही. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे यहूदियातल्या भावांना मदत धाडते. ही गोष्ट त्यांना आवडली होती.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा धोक्याच्या पातळीवर गेलं. त्यांनी इशाऱ्याच्या आधीच गिरणीची मोटर माळ्यावर चढवली, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना नातेवाइकांकडे पोचवलं आणि मला फोन केला. झोप गेली होती, गोळी पुन्हा सुरू करू का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. डॉक्टरांना विचारा म्हटलं. प्रार्थना करता का, हे मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं, “करतो. भांडतो पण.”